ऐकणारे पुष्कळ, पत्ता एकाचाही नाही: ईमेल लिस्टबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की स्वतःच्या जोरावर म्युझिक करणाऱ्यांनी फॉलोअर मोजत बसण्यापेक्षा ऐकणाऱ्यांचे ईमेल जमवावेत. त्यावर प्रश्नांचा नुसता पाऊस पडला, आणि गंमत म्हणजे सगळे प्रश्न ईमेलनेच आले, त्यातले निम्मे "आजकाल ईमेल वाचतं कोण" असं विचारणारे. तर यावेळचा आख्खा कॉलम त्यालाच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, माझे इन्स्टाग्रामवर 14 हजार फॉलोअर आहेत, पण नवीन गाणं टाकलं की चार-पाचशे लोकांपर्यंत जातं, कधी त्याहून कमी. मग वाटतं रील अजून भारी करू, अजून रोज टाकू. त्यात आता तुम्ही म्हणताय ईमेल. ईमेल म्हणजे बँकेचे आणि ऑफिसचे, तिथे माझ्या गाण्याचं काय काम? – एक गायिका

उत्तर: अगं, तुझं गाणं 14 हजारांपैकी कुणाला दाखवायचं हे तू ठरवत नाहीस, तिथेच सगळी मेख आहे. त्या लोकांनी एकदा बटण दाबलं, पण त्यांच्यापर्यंत पोचायची किल्ली तुझ्या हातात आलेली नाही, ती अ‍ॅपवाल्यांकडे आहे आणि ते रोज कुलूप बदलतात. स्पॉटिफायचंही तेच, तुला कुठल्या शहरात किती लोक ऐकतात, साधारण कुठल्या वयाचे आहेत हे सगळं दिसतं, पण त्यातल्या एकाचाही ईमेल तुला मिळत नाही, म्हणजे एखादा माणूस तुझं गाणं रोज झोपताना ऐकत असला तरी उद्या तुझा शो त्याच्या घराजवळ आहे हे त्याला कळवायची सोय तुझ्याकडे नाही.

आणि अ‍ॅप कायम राहतातच असं कुठे आहे. एकेकाळी सगळे बँड मायस्पेस या सोशल साइटवर होते, तिथेच फॅन, तिथेच गाणी. 2019 मध्ये मायस्पेसवाल्यांनी सांगून टाकलं की सर्व्हर बदलताना 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेलं म्युझिक उडालं, परत मिळणार नाही. फॅन तर त्याच्या आधीच दुसरीकडे गेले होते. ज्या बँडकडे स्वतःची यादी होती त्यांनी लोकांना सांगितलं "आता आम्ही इथे आहोत", बाकीच्यांनी परत शून्यातून सुरू केलं.

ही काही नवी आयडिया पण नाही हं. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने 1971 च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमच्या आतल्या बाजूला एक छोटी सूचना छापली होती, की तुम्ही कोण, कुठे आहात, कसे आहात, नाव-पत्ता पाठवा, आम्ही कळवत राहू. खाली पोस्ट बॉक्सचा नंबर. बस, एवढंच. लोकांनी पत्ते पाठवले, बँड पत्रकं पाठवत राहिला, आणि पुढे 1983 पासून त्यांनी पोस्टाने स्वतःची तिकिटं स्वतःच विकायलाही सुरुवात केली. मधे अ‍ॅप नाही आणि अल्गोरिदम तर नाहीच.

रील बंद कर असं मी म्हणत नाहीये. रीलमधून नवीन माणूस येतो, ते चालूच दे. फक्त तो आल्यावर त्याला थांबायला जागा हवी, ती जागा म्हणजे लिस्ट.

प्रश्न: बरं पटलं. पण माझ्याकडे आत्ता शून्य ईमेल आहेत. पहिले शंभर कुठून आणायचे? फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट टाकून देऊ का? – गिटार आणि गाणं, दोन्ही मीच

उत्तर: कॉन्टॅक्ट उचलून टाकून देऊ नका. तुमच्या जुन्या मॅनेजरला, प्लंबरला आणि चुलत मेव्हण्याला अचानक "माझ्या नव्या सिंगलबद्दल" मेल गेला की त्यातले चार जण स्पॅमचं बटण दाबतात, आणि नव्याकोऱ्या लिस्टला ते फार महागात पडतं, ते कसं ते पुढे एका प्रश्नात येतंय.

पहिले शंभर एकेक करूनच येतात, त्याला शॉर्टकट नाही आणि खरं सांगायचं तर नकोच. कुणी तुमच्या गाण्याखाली मनापासून कमेंट केलीये, कुणी डीएम करून विचारलंय "पुढचं कधी", कुणी शोला दोनदा आलंय, अशा लोकांना वेगवेगळा मेसेज करा. कॉपी-पेस्ट वाटणार नाही असा. साधारण असा:

"तू त्या पावसाच्या गाण्याबद्दल लिहिलं होतंस ते वाचून खूप बरं वाटलं. मी आता महिन्यातून एकदा ईमेल पाठवणार आहे, नवीन गाणं सगळ्यांच्या आधी त्यात असेल. तुला पाठवू का? हो असेल तर ईमेल दे, नको असेल तरी काहीच प्रॉब्लेम नाही."

यात तीन गोष्टी आहेत बघा, त्याला ओळखलं, काय आणि किती वेळा येणार ते सांगितलं, आणि नाही म्हणायला मोकळीक दिली. दहा जणांना असा मेसेज केलात तर बरेच जण हो म्हणतात कारण आर्टिस्टने स्वतः विचारलंय. वेळ लागतो, लागू दे. या पहिल्या लोकांपैकीच कुणीतरी पुढे तुमचं टी-शर्ट घेणार, शोला चार मित्र घेऊन येणार.

प्रश्न: आमचा चौघांचा बँड आहे. प्रत्येक शोला मर्चच्या (टी-शर्ट वगैरे विकतो त्या) टेबलावर "ईमेल लिहा" असा कागद ठेवतो. रात्री बघतो तर दोन नावं, त्यातलं एक ड्रमरच्या बहिणीचं. लोक टाळ्या तर जोरात वाजवतात मग लिहीत का नाहीत? – बँडमधला बेसवाला

उत्तर: कारण तुम्ही विचारलंच नाहीत! कागदाने विचारलं. आणि तो कागद टेबलावर, म्हणजे दाराजवळ, म्हणजे लोक जाकीट घालत, गाडी बुक करत बाहेर पडतायत तिथे. त्यांच्या डोक्यात त्यावेळी घरी जाणं आहे, तुम्ही नाही.

माणूस हो कधी म्हणतो? गाणं अजून अंगात असतं तेव्हा. म्हणून स्टेजवरून विचारायचं, आणि शेवटच्या गाण्यानंतर नाही तर शेवटच्या दोन गाण्यांच्या आधी. तुमचं सगळ्यात हिट होणारं गाणं कुठलं आहे ते तुम्हाला माहीत असतंच, ते संपलं, टाळ्या झाल्या, की गिटारवाला ट्यूनिंग करत असताना गायकाने बोलायचं. तसंही त्या वेळेत "सगळे मजेत ना" वगैरे बोलून वेळच काढत असता.

काय बोलायचं तेही आधी ठरवा, घरी दोनदा बोलून बघा, नाहीतर स्टेजवर "अं, म्हणजे, जमलं तर, ते आमचं मेलिंगचं" असं होतं. असं काहीतरी बोला: "आत्ता जे गाणं वाजवलं ते अजून कुठेच रिलीज झालेलं नाही. आजच्या शोचं याच गाण्याचं रेकॉर्डिंग आम्ही पुढच्या आठवड्यात फक्त इथे असलेल्या लोकांना पाठवणार आहोत. फोन काढा, इथे कोड आहे, स्कॅन करा, ईमेल टाका. आम्ही थांबतो." आणि मग खरंच थांबा. अर्धा मिनिट. कीबोर्डवाल्याला हळू काहीतरी वाजवू द्या. ही शांतता तुम्हाला भयंकर लांब वाटेल, समोरच्यांना वाटत नाही, ते फोनमध्ये टाईप करत असतात.

क्यूआर कोड मोठा हवा. बरेच बँड तो पोस्टकार्डाएवढा छापून टेबलावर ठेवतात, तो मागच्या रांगेतून काय डोंबल दिसणार. किक ड्रमच्या तोंडावर लावा, स्टेजमागे पडदा असेल तर त्यावर टाका, दोन्ही बाजूंना फलक उभे करा. स्टेजवर अंधार असतो हे लक्षात ठेवून पांढऱ्यावर काळाच छापा, लाल-जांभळ्या डिझाइनच्या नादाला लागू नका. साउंडचेकच्या वेळी लाईट शोसारखे करून हॉलच्या शेवटच्या भिंतीपासून स्वतः स्कॅन करून बघा. उघडणारं पान हलकं हवं, कारण भरलेल्या हॉलमध्ये नेटवर्क रडत असतं. पानावर एक ओळ, एक रकाना ईमेलचा, वाटल्यास एक शहराचा, आणि बटण. जन्मतारीख, फोन नंबर, "आमच्याबद्दल कुठून कळलं" यातलं काही नको, एकेक रकाना वाढला की माणसं गळतात. शहर मात्र विचाराच, पुढे त्या शहरात शो असला की तेवढ्याच लोकांना मेल करता येतो, बाकीच्यांना उगाच त्रास नाही.

कागद फेकून देऊ नका, पण त्याला टेबलावरून उठवा. पुठ्ठ्याच्या क्लिपबोर्डवर लावून, पेन दोऱ्याने बांधून, तुमच्यातल्या सगळ्यात बोलक्या मित्राच्या हातात द्या आणि त्याला गर्दीत फिरू द्या. कागदावर ईमेलसाठी चौकोन आखा, एका अक्षराला एक, कारण रात्री अकराच्या अंधारातलं अक्षर सकाळी लागत नाही, "यू" आहे का "व्ही" यात दोन-चार फॅन हमखास जातात. आणि दुसऱ्याच दिवशी टाईप करा. महिन्याने मेल गेला तर लोक विसरलेले असतात की आपण लिहून दिलं होतं, मग परत तेच, स्पॅम.

आणि हो, शोच्या रेकॉर्डिंगचं कबूल केलंत तर ते पाठवायचंच. मिक्स थोडं कच्चं असलं तरी चालेल.

प्रश्न: ईमेलच्या बदल्यात फुकट गाणं देणं जुनं झालं ना? सगळं तर स्ट्रीमिंगवर आहेच. – गीतकार, संगीतकार, स्वतःच मॅनेजर

उत्तर: जे स्ट्रीमिंगवर आहे तेच दिलं तर जुनंच आहे, त्यात देण्यासारखं काही उरलेलंच नाही. 2008 मध्ये नाईन इंच नेल्स या अमेरिकन बँडने आख्खा नवा अल्बम स्वतःच्या साइटवर फुकट दिला, डाऊनलोडची लिंक हवी तर ईमेल द्या एवढीच अट, आणि ते चाललं कारण त्यावेळी तो अल्बम दुसरीकडे नव्हता.

तुमच्याकडे असं काय आहे जे बाकी कुठेच नाही? बहुतेकांना वाटतं काही नाही, आणि हार्ड डिस्क उघडली की निघतं. फोनवर रेकॉर्ड केलेला पहिला डेमो ज्यात शब्द वेगळे होते. गाळलेलं कडवं. गाण्याचे कॉर्ड नीट लिहून केलेली पीडीएफ, ही तर फार चालते, कारण तुमच्या ऐकणाऱ्यांत वाजवणारे बरेच असतात. आवाज काढलेला ट्रॅक, ज्यावर स्वतः गाता येईल. इलेक्ट्रॉनिक करणाऱ्यांनी गाण्याचे स्टेम, म्हणजे ड्रम, बेस, आवाज असे वेगवेगळे ट्रॅक, द्यावेत, रीमिक्स करायला.

एकच द्या. पाच गोष्टींचं गाठोडं बांधून "एक्सक्लुझिव्ह फॅन बंडल" नाव दिलं की वाचणाऱ्याला नेमकं काय मिळणार तेच कळत नाही. "या गाण्याचा घरी रेकॉर्ड केलेला पहिला डेमो" हे एका वाक्यात कळतं.

फाइल मेलला जोडू नका, लिंक द्या. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, चांगल्या क्वालिटीची वेव्ह फाइल त्यात बसत नाही, आणि जोडलेली फाइल बघून स्पॅम फिल्टर पण सावध होतात. बँडकॅम्प या म्युझिक विकायच्या साइटवर गाणं ईमेलच्या बदल्यात फुकट डाऊनलोडला ठेवायची सोय आहे, वेबसाइट बनवायचा कंटाळा असेल तर तिथून सुरुवात करा. तिथे विकत घेणाऱ्यांपैकी जे हो म्हणतात त्यांचे ईमेलही तुम्हाला मिळतात, ते दर थोड्या दिवसांनी उतरवून घेत जा. फुकट घेणारा आणि पैसे देऊन घेणारा हे लिस्टमध्ये वेगळे टॅग करा, नवीन व्हिनाइल किंवा टी-शर्ट आला की आधी कुणाला सांगायचं ते आपोआप ठरतं.

प्रश्न: मी शो करतच नाही, खोलीत बसून बीट बनवतो. दादा असाल किंवा ताई, मला सांगा, माझी लिस्ट कशी वाढणार? आयफोनचा गिव्हअवे करू का, ईमेल टाका आणि जिंका टाईप? – बेडरूम प्रोड्युसर

उत्तर: ताई. आणि गिव्हअवे नको रे बाबा. आयफोनसाठी आलेल्या माणसाला आयफोन हवा असतो. हजार ईमेल येतील, त्यातल्या किती जणांना तुझ्या बीटशी देणंघेणं असेल? निकाल लागला की ते मेल उघडणं बंद करतात, आणि लिस्टमध्ये न उघडणारे वाढले की जीमेलवाल्यांना वाटतं हा कंटाळवाणा पाठवणारा दिसतोय, मग जे खरंच वाचणारे आहेत त्यांच्याकडेही तुझा मेल कोपऱ्यात जातो. बक्षीस ठेवायचंच असेल तर असं ठेव की जे तुझ्या म्युझिकमध्ये रस असल्याशिवाय कुणी मागणारच नाही, समज "एका जणाच्या गाण्याचं मिक्स मी करून देईन".

बाकी तुझं काम शोवाल्यांपेक्षा सोपं आहे, कारण तुझा ऐकणारा आधीच स्क्रीनवर आहे, फक्त त्याला वाट सापडत नाहीये. तुझ्या बायोमधली लिंक उघडून बघ एकदा. माझा अंदाज आहे तिथे एक पान उघडतं आणि त्यावर नऊ बटणं आहेत, स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब, साउंडक्लाउड, अमुक, तमुक, आणि सगळ्यात खाली बिचारं "न्यूजलेटर". ते सगळ्यात वर आण आणि "न्यूजलेटर" हा शब्द काढून टाक, कुणालाही न्यूजलेटर नको असतं. लिही, "या महिन्याच्या बीटचे ड्रम सॅम्पल फुकट घ्या". यूट्यूबच्या व्हिडिओखाली पहिली ओळ तीच, पिन केलेली कमेंट तीच, आणि व्हिडिओत तू स्वतः बोलून सांग, अगदी शेवटी नाही, मधेच, जिथे तो ड्रम वाजतोय तिथे.

रिलीजच्या आधी प्री-सेव्ह लिंक, म्हणजे गाणं यायच्या आधीच अ‍ॅपमध्ये सेव्ह करून ठेवायची लिंक, फिरवतात सगळे. त्यातल्या काही सर्व्हिस प्री-सेव्ह करणाऱ्याचा ईमेलही त्याच्या परवानगीने घेतात, तशी निवड, नाहीतर आख्खं प्रमोशन करून गाणं सेव्ह झालं आणि माणूस हातातून गेला असं होतं.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक करतात. तुझ्यासारखंच म्युझिक करणारा, साधारण तेवढेच ऐकणारे असलेला एखादा मित्र शोध. त्याच्या मेलमध्ये त्याने तुझ्याबद्दल चार ओळी लिहायच्या, तुझ्या मेलमध्ये तू त्याच्याबद्दल. लिस्ट एकमेकांना द्यायची नाही हं, फक्त शिफारस, ज्याला वाटेल तो स्वतः येऊन नाव घालेल. असे आलेले लोक टिकतात, कारण ज्याच्यावर विश्वास आहे त्याने सांगितलंय.

प्रश्न: लिस्ट आहे, दीडशे लोकांची. पण मेल लिहायला बसले की सुचतच नाही. मग रिलीज असेल तेव्हाच पाठवते, म्हणजे वर्षातून दोनदा. बरोबर आहे का? – व्हायोलिन शिकवते, वाजवते

उत्तर: वर्षातून दोनदा म्हणजे तुम्ही फक्त काहीतरी मागायला येता. "गाणं आलंय ऐका", "तिकीट घ्या". नातेवाईकांतही असं एक माणूस असतं, त्याचा फोन आला की सगळे एकमेकांकडे बघतात.

महिन्यातून एकदा लिहा, त्यापेक्षा जास्त सुचलं तर दोनदा, पण ठरवलं ते पाळा. आणि पहिला मेल नाव घातल्याबरोबर आपोआप गेला पाहिजे, ही सोय लिस्टला मेल पाठवणाऱ्या बहुतेक ईमेल सर्व्हिसमध्ये असते. कबूल केलेली गोष्ट त्यात, तुम्ही कोण ते दोन ओळीत, आणि शेवटी एक प्रश्न, "तुम्ही माझं वाजवणं पहिल्यांदा कुठे ऐकलंत? रिप्लाय करा, मी वाचते." खरंच वाचा आणि उत्तर द्या. यात दोन फायदे, एक तर माणूस कळतो, दुसरं म्हणजे कुणी रिप्लाय केला की त्याच्या मेलबॉक्सला समजतं की हा पाठवणारा ओळखीचा आहे, मग पुढचे मेल प्रमोशनच्या कप्प्यात किंवा स्पॅममध्ये जायची शक्यता कमी होते.

लिहायचं काय? तुम्ही शिकवता म्हणताय, मग तुमच्याकडे तर खाणच आहे. एखादी जागा वाजवताना बोट नेमकं कुठे अडत होतं आणि कसं सुटलं. नवीन तुकड्याचा वीस सेकंदांचा कच्चा आवाज, "यात पुढे काय करू, अ की ब" असा प्रश्न. गाण्यात एक सूर बदलला आणि सगळा मूडच फिरला, का ते. लोकांना तयार मालापेक्षा तो होताना बघायला आवडतं, आणि हे सोशल मीडियावर पंधरा सेकंदात मावत नाही.

विषयाची ओळ मित्राला लिहाल तशी. "मार्च अपडेट" कुणी उघडत नाही, "चौथी तार तुटली आणि मग" उघडतात. मजकूर तीनशे-चारशे शब्द पुरेत, फोटो एखादा, आणि लिंक एकच, ज्या एका गोष्टीसाठी मेल लिहिलाय तिची. मोठमोठे बॅनर, रंगीत रकाने यांची हौस नको. मेलचा कोड 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल खालचा भाग कापून टाकतं, आणि नेमकी शो कधी आहे ती ओळ खाली असते.

प्रश्न: जीमेलवरून सगळ्यांना बीसीसी करून (एकमेकांचे पत्ते दिसणार नाहीत असं) पाठवलं. निम्म्यांना मिळालंच नाही, काहींना स्पॅममध्ये, आणि नंतर जीमेलने मलाच काही वेळ पाठवायला बंदी केली. माझं काय चुकलं? – लोकसंगीतावर काम करणारा

उत्तर: साध्या जीमेल खात्यातून दिवसाला 500 लोकांपर्यंतच पाठवता येतं, आणि एकदम ढिगाने बीसीसी म्हणजे त्यांच्या दृष्टीने संशयच. त्यात तुमच्या मेलमध्ये "नको असेल तर इथे क्लिक करा" नव्हतं, म्हणजे ज्याला नको त्याच्याकडे स्पॅम दाबण्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

मेलरलाइट, किट, ब्रेव्हो, मेलचिंप, सबस्टॅक यातली कुठलीही सर्व्हिस घ्या. लहान लिस्टसाठी फुकट वापरता येतं, मर्यादा बदलत असतात त्यामुळे घेण्याआधी बघून घ्या. मला कुठलीच फार प्रिय नाही. एकच बघा, लिस्ट कधीही सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडेल अशा साध्या तक्त्यात, बाहेर काढता येते का. येत नसेल तर नको.

दुसरं, स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचं नाव) घ्या आणि त्यावरचा पत्ता पाठवणारा म्हणून वापरा. जीमेलचा पत्ता घालून अशा सर्व्हिसमधून पाठवलं तर आता अडतं, कारण तो मेल खरंच जीमेलमधून आलेला नसतो आणि ते पडताळणीत पकडलं जातं. डोमेन घेतलं की सर्व्हिस तुम्हाला तीन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये घालायला सांगते, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे त्यावरून पटतं. नावं भीतीदायक आहेत, काम अर्ध्या तासाचं आहे. ते करून घ्याच, फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकवर बाहेर पडायची सोय सक्तीची आहे. तुम्ही तेवढे पाठवत नसाल, पण स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा हे सगळ्यांनाच लागू आहे, म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी जरी स्पॅम दाबलं तरी तुम्ही काठावर. आता कळलं ना वर मी चुलत मेव्हण्याबद्दल का बोलत होते.

अजून एक बारीकशी गोष्ट, या सर्व्हिस मेलच्या खाली पोस्टाचा पत्ता घालायला लावतात. अमेरिकेच्या 2003 च्या कायद्यामुळे ते आलंय. घरचा पत्ता हजार अनोळखी लोकांना द्यायचा नसेल, आणि देऊ नयेच, तर पोस्ट बॉक्स घ्या.

प्रश्न: एकाने 10 हजार "म्युझिक लव्हर्स"चे ईमेल विकत देऊ केलेत. घेऊ? – नाव नको

उत्तर: नको. त्या लोकांनी तुमचं नावही ऐकलेलं नाही, अशा याद्यांमध्ये स्पॅम पकडायला मुद्दाम सोडलेले पत्ते असतात, आणि चांगल्या ईमेल सर्व्हिस विकतची लिस्ट दिसली की खातंच बंद करतात. युरोपात तर मे 2018 पासून जीडीपीआर हा खासगी माहिती जपायचा कायदा लागू आहे, तिथल्या माणसाला असा मेल पाठवायचा तर त्याने स्वतः हो म्हटलेलं असावं लागतं, आधीच टिक केलेला चौकोनही चालत नाही, आणि तुमचं गाणं कुठल्या देशात ऐकलं जातंय ते तुम्ही थोडंच ठरवता.

प्रश्न: ताई, माझ्या मेलचा ओपन रेट, म्हणजे किती जणांनी मेल उघडला ते, 60 टक्के दाखवतोय, मी खूश होते, पण शोच्या लिंकवर क्लिक फक्त 9. आणि प्रत्येक मेलनंतर तीन-चार जण लिस्ट सोडून जातात, ते बघून दोन दिवस मूड जातो. काय करू? – कीबोर्ड, आवाज आणि खूप टेन्शन

उत्तर: ओपन रेटवर फार जाऊ नकोस. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, त्यात मेलमधली चित्रं माणसाने उघडायच्या आधीच लोड होतात, आणि ओपन मोजतात ते याच चित्रांवरून. म्हणजे आयफोनवाल्याने मेल बघितलासुद्धा नसेल तरी तुझ्याकडे "उघडला" असं येतं. क्लिक आणि रिप्लाय हे खरे. 9 क्लिक कमी वाटले तर आधी बघ तो मेल किती जणांसाठी होता, शो एका शहरात आणि मेल सगळ्या जगाला गेला असेल तर बाकीचे क्लिक करून करतील काय?

सोडून जाणाऱ्यांचं म्हणशील तर जाऊ दे त्यांना. उलट बटण ठळक ठेव, बारीक करड्या अक्षरात लपवू नकोस, तो बिचारा शोधून शोधून वैतागला की स्पॅम दाबणार. आणि "अमुक जण सोडून गेला" अशी सूचना सर्व्हिसकडून येते ना तुला, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, रात्री ते वाचून काही फायदा नाही. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी तूच साफसफाई कर. ज्यांनी इतक्यात एकदाही क्लिक किंवा रिप्लाय केलेला नाही त्यांना एक छोटा मेल टाक, "अजून पाठवू का? हो असेल तर या लिंकवर क्लिक करा, नाहीतर मी थांबवते." क्लिक आला नाही तर आठवड्याने एक आठवण, आणि तरी नाही आला तर नाव काढून टाक. फक्त गेल्या वर्षभरात ज्यांनी काही विकत घेतलंय किंवा तिकीट काढलंय त्यांना यातून वगळ, काही लोक न बोलता सगळं वाचतात आणि शोला पहिल्या रांगेत बसतात.